विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर: मन शांत करायला जाणार असाल तर आधी हे वाचा

इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात १९७६पासून दहा दिवसांची शिबिरं चालू आहेत. ताण घालवायचा उपाय म्हणून नाव नोंदवलंत, तर तिसऱ्या दिवशी वैतागाल. तिथे शिकवतात ती माणसाच्या स्वभावाबद्दलची एक ठाम भूमिका आहे. माणूस बाहेरच्या गोष्टीवर चिडत नाही की भुलत नाही. त्या गोष्टीमुळे अंगावर जी संवेदना उठते तिच्यावर चिडतो, भुलतो. कोणी शिवी दिली की कान तापतात, छातीत धडधडतं. राग येतो तो त्या तापण्या-धडधडण्यावर. ही साखळी विज्ञान, संज्ञा, वेदना, संस्कार अशी सांगतात (इथे विज्ञान म्हणजे नुसतं जाणणं, सायन्स नव्हे; संज्ञा म्हणजे ओळखणं, वेदना म्हणजे अंगावरची कुठलीही संवेदना, संस्कार म्हणजे तिच्यावरची मनाची प्रतिक्रिया). घाव घालायचा तो वेदना आणि संस्कार यांच्या मध्ये.

सगळं वेळापत्रक याच एका मुद्द्याभोवती बांधलेलं आहे. पहाटे ४ला घंटा, ११ला जेवण, संध्याकाळी ५ला नव्या साधकांना चहा-फळं, जुन्यांना लिंबूपाणी, ७ वाजता ही शिबिरं सुरू करणाऱ्या गोएंका गुरुजींचं ध्वनिमुद्रित प्रवचन, ९:३०ला दिवे बंद. फोन जमा, वाचन-लेखन बंद, आपसात बोलणं तर नाहीच, खाणाखुणाही नाहीत. बाहेरचे धक्के कमी झाले की आतली वळवळ दिसायला लागते, त्यासाठी हा बंदोबस्त.

पहिले साडेतीन दिवस आनापान. श्वास जसा आहे तसा बघायचा, लांबवायचा नाही, मोजायचा नाही, मंत्र जोडायचा नाही. जागा आक्रसत नेतात. शेवटी नाकपुड्यांखालचा, वरच्या ओठावरचा टिचभर भाग उरतो. चौथ्या दिवशी विपश्यना: डोक्यापासून पायापर्यंत आणि परत, एकेक भाग. एखाद्या जागी काहीच जाणवलं नाही तर मिनिटभर थांबायचं आणि पुढे सरकायचं. त्यानंतर रोज तीन वेळा, ८ ते ९, २:३० ते ३:३० आणि ६ ते ७, अधिष्ठान: तासभर मांडी, हात, डोळे उघडायचे नाहीत.

बिघडतं ते इथेच. गुडघ्याची कळ सोसणं म्हणजेच साधना, असं समजून लोक दात-ओठ खातात. पण दात खाणं हीसुद्धा प्रतिक्रियाच. खुब्याखाली एक उशी जास्त घ्या, गुडघे खाली टेकतात. पाठीचा खरा त्रास असेल तर खुर्ची मागा, मिळते. उलटा घोटाळा जास्त फसवा. सातव्या-आठव्या दिवशी काहींच्या अंगभर सुखद झिणझिण्या वाहतात आणि मग पुढची प्रत्येक बैठक त्या झिणझिण्यांच्या शोधात जाते. तृष्णा सोडायला आलेला माणूस नवी तृष्णा घेऊन घरी जातो. प्रवचनात याचा इशारा असतो, पण तोवर गोडी लागलेली असते.

मनाचा गंभीर आजार असेल तर अर्जात लपवू नका. एवढ्या शांततेत तो उसळू शकतो.

पद्धत म्हणून शिबिराला पैकीच्या पैकी. भूमिका म्हणून मात्र अपुरं. सांप्रदायिक नाही असं सांगतात, तरी प्रवचनांत पुनर्जन्म आणि कलाप (पदार्थाचे सर्वांत सूक्ष्म कण) येतात. ते अनुभवाने पटत नाहीत, मानावे लागतात. मोठी उणीव वेगळीच. इथला माणूस एकटा आहे: तो, त्याची कातडी आणि त्याचा संस्कार. भूक, जात, मालक-मजूर यांतून येणारं दुःख या चौकटीत नीट बसत नाही. डॉ. आंबेडकरांनी चार आर्यसत्यं मुळात बुद्धाचीच का, असा प्रश्न विचारला आणि माणसाचं माणसाशी नातं धम्माच्या मध्यभागी ठेवलं. शिबिरात या बाजूला दहाव्या दिवशीची मैत्री भावना (सगळ्यांचं भलं चिंतणं) तेवढी आहे, तीही काही मिनिटांची.

राहण्या-जेवणाची फी नाही. दान घेतात ते फक्त शिबिर पुरं केलेल्यांकडून. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, जोड जास्त न्या. छत्री आणि बॅटरी लागतेच. शिबिर अकराव्या दिवशी सकाळी सुटतं, परतीचं तिकीट दहाव्या दिवसाचं काढू नका.