आग एक, साक्षी दोन: ज्वालामुखी-ग्रहावरच्या धर्मकलहाची कथा कुठल्या जगात घडवावी?

यान बिघडतं, प्रवासी एका धगधगत्या ग्रहावर उतरतात आणि तिथे आगीच्या मालकीवरून दोन पंथ एकमेकांच्या जिवावर उठलेले असतात. या कल्पनेवर विज्ञानकथा लिहायला घेतलेले बरेच जण ग्रहाचा विचार शेवटी करतात. तांबडं आभाळ, धुमसता डोंगर, रागावलेला पुजारी आणि बळी द्यायला आणलेली पोरगी एवढ्यावर भागवतात. मग एक पंथ खुळा, दुसरा जरा कमी खुळा आणि परग्रहावरून आलेले पाहुणे शहाणे, अशी मांडणी होते आणि कथा तिथेच संपते.

माझं म्हणणं असं की दोन्ही पंथांच्या डोळ्यांसमोर खराखुरा पुरावा असेल तरच हे भांडण वाचणाऱ्याला चटका लावतं. म्हणून जग निवडताना मी एकच कसोटी लावते: तिथली जमीन आणि तिथलं आभाळ कुणाला काय दाखवतं, आणि कुणापासून काय लपवतं?

पृथ्वीवर हे घडून गेलेलं आहे, तेव्हा सुरुवात तिथून करते. इ.स. १०००च्या सुमारास आइसलँडच्या लोकसभेत, आल्थिंगमध्ये, जुने देव ठेवायचे की ख्रिस्ती व्हायचं यावर वाद पेटला होता. तिथल्या जुन्या वृत्तांतात एक प्रसंग येतो. वाद चालू असतानाच एक माणूस धावत आला. जवळच्या भागात जमीन फुटली होती आणि लाव्हा ख्रिस्ती बाजूच्या एका सरदाराच्या वाडीकडे निघाला होता. जुन्या पंथाचे म्हणाले, असली भाषणं ऐकून देव चिडणारच. त्यावर स्नोरी नावाच्या सरदाराने विचारलं, आपण आज ज्या दगडावर उभे आहोत तो जळत होता तेव्हा देव कशावर चिडले होते? शेवटी निवाडा आला तो आल्थिंगचा कायदे सांगणारा प्रमुख थोरगेइर याच्याकडे, जो स्वतः जुन्या धर्माचा होता. तो एक दिवस आणि एक रात्र अंगावर पांघरूण ओढून पडून राहिला आणि उठून म्हणाला, सगळ्यांनी बाप्तिस्मा घ्यायचा, पण चोरून बळी द्यायला आणि घोड्याचं मांस खायला सध्या हरकत नाही. एकाच उद्रेकातून दोन्ही बाजूंना मुद्दा मिळाला. आपल्याला कथेत नेमकं हेच हवं आहे.

दुसरं उदाहरण बालीतलं. १९६३ साली आगुंग पर्वताच्या कुशीतल्या बेसाकी मंदिरात शंभर वर्षांतून एकदा होणारा एका दश रुद्र हा महाविधी चालू होता. तयारी चालू असताना, फेब्रुवारीतच डोंगर जागा झाला. मुहूर्त चुकला आहे असं काही पुरोहितांचं मत होतं, तरी विधी पुढे रेटला गेला. १७ मार्चला डोंगर फुटला आणि हजाराहून जास्त माणसं गेली. लाव्हा मात्र मंदिराला वळसा घालून उतरला. आता ही शिक्षा म्हणायची की कृपा? आगुंगचा त्याआधीचा मोठा उद्रेक १८४३चा होता. तो पाहिलेलं कुणी जिवंत नव्हतं, म्हणून सगळा वाद पोथी आणि पंचांग यांच्यावरच येऊन ठेपला.

हवाईचा किलावेया ज्वालामुखी याच्या अगदी उलट. तो वारंवार वाहतो आणि तिथली आगीची देवी पेले जणू शेजारी राहते. १८२४ मध्ये कपिओलानी ही सरदार स्त्री विवराच्या काठापर्यंत चालत गेली, देवीला न वाहता तिथली रानफळं खाल्ली आणि सुखरूप परत आली. चालत काठावर जाता येतं म्हणूनच अशी परीक्षा घेता आली. तेव्हा तुमच्या ग्रहावरचा डोंगर रोज वाहणारा आहे की तीन-चार पिढ्यांतून एकदा फुटणारा, हे आधी ठरवा. रोजच्या आगीत साहसी माणूस धर्म हलवतो, क्वचितच्या आगीत पोथी वाचणारा.

आता जगांकडे वळते.

आयो हा गुरूचा उपग्रह. चारशेहून अधिक जागते ज्वालामुखी असलेलं हे सूर्यमालेतलं सर्वांत ज्वलंत ठिकाण. २ मार्च १९७९ला पील, कॅसन आणि रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञांचा निबंध छापून आला: गुरूच्या ओढीने आयो आतून मळला जात असणार आणि त्या घर्षणाने तो वितळलेला असणार. तीनच दिवसांनी व्हॉयेजर-१ यान आयोजवळून गेलं आणि ८ मार्चला त्या मोहिमेतल्या अभियंत्या लिंडा मोराबिटो यांना छायाचित्रात आयोच्या कडेवर उसळलेला झोत दिसला. भाकीत आणि दर्शन यांच्यात आठवडाही गेला नाही.

कथेसाठी आयोची खरी श्रीमंती त्याच्या आभाळात आहे. आपल्याला चंद्राची एकच बाजू दिसते, तशीच आयोची एकच बाजू कायम गुरूकडे असते. त्या बाजूला उभं राहिलात तर आपल्या चंद्राच्या ३५ पटींहून रुंद गुरू आभाळात एकाच जागी टांगलेला दिसतो. तो उगवत नाही आणि मावळत नाही. साडेबेचाळीस तासांच्या प्रत्येक फेरीत भरदुपारी सूर्य त्याच्या मागे जातो आणि सुमारे दोन तास अंधार होतो. तेवढ्या वेळात विरळ हवेतला सल्फर डायऑक्साइड गोठून जमिनीवर बसतो. पलीकडच्या बाजूला मात्र गुरू जन्मात कधी दिसत नाही, आणि ग्रहणही नाही, कारण त्या वेळी तिथे मध्यरात्र असते.

पण त्या पलीकडच्या बाजूला दुसरं काही दिसतं. साधारण साडेतीन दिवसांनी युरोपा हा शेजारचा उपग्रह आयोजवळून जातो. तेव्हा तो तिथल्या डोक्यावर आपल्या चंद्रापेक्षा मोठा होतो आणि मग लहान होत जातो. आयोतली आग पेटती राहायला हे दोन्ही लागतात. गुरू आयोला पिळतो, पण युरोपा आणि त्यापलीकडचा उपग्रह गॅनिमीड यांनी सतत खेचून आयोची कक्षा किंचित लंबगोल ठेवली नसती, तर ती केव्हाच गोल झाली असती आणि आग विझली असती. म्हणजे गुरूच्या बाजूचे म्हणणार, आग त्या अचल महादेवाची. पलीकडचे म्हणणार, आग त्या येणाऱ्या-जाणाऱ्या देवीची. दोघांकडे अर्धं सत्य आहे, आणि उरलेलं अर्धं ज्याच्या आभाळात आहे त्यालाच ते पाखंडी म्हणतात. दोन पंथांची इतकी नेटकी विभागणी मी कल्पनेने रचली असती तर ती कृत्रिम वाटली असती. इथे ती कक्षांच्या गणितातून आपोआप निघते.

अडचण जगण्याची. आयोवर श्वास घेण्याजोगी हवा नाही, जमीन उणे १३० अंश सेल्सिअसच्या आसपास गोठलेली, आणि गुरूच्या पट्ट्यातला किरणोत्सर्ग दिवसाला ३६ सीव्हर्टच्या (किरणोत्सर्गाच्या मात्रेचं एकक) घरातला. पाच सीव्हर्ट एकदम लागले तरी उपचारांवाचून माणूस वाचणं कठीण. म्हणजे तिथले भाविक लाव्हाने कोरलेल्या बोगद्यांत राहणारेच असू शकतात, कदाचित कधीकाळी आलेल्या आणि आपलं मूळ विसरलेल्या माणसांचे वंशज. पण ही अडचण कथेच्या कामाची आहे. जमिनीवर येऊन देवाचं दर्शन घेणं म्हणजे आयुष्यातली काही वर्षं देणं. मग कुणाला दर्शनाला पाठवायचं, म्हाताऱ्यांना की कोवळ्या पोरांना, यावरही पंथ फुटू शकतात.

दुसरं जग एलपी ७९१-१८ डी. नाव रुक्ष, पण मला स्वतःला सर्वांत जास्त खुणावतं ते हेच. २०२३ मध्ये जाहीर झालेला हा ग्रह जवळपास पृथ्वीएवढा, सुमारे ९० प्रकाशवर्षांवर, एका लहान तांबड्या ताऱ्याभोवती पावणेतीन दिवसांत फेरी मारणारा. त्याच्या बाहेरच्या कक्षेत त्याच्याहून कितीतरी जड असा 'सी' हा ग्रह फिरतो. तो जवळून जाताना डी-ला ओढतो, त्यामुळे डी-वर आयोसारखे ज्वालामुखी असावेत असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. एक बाजू कायम उजेडात, एक कायम अंधारात. उजेडाची बाजू बहुधा पाणी टिकण्यापलीकडे तापलेली, पण ज्वालामुखींनी हवा पुरवली असेल तर अंधाराच्या बाजूला पाणी साचू शकेल.

इथेही आभाळ दुभंगलेलं आहे. दोन्ही ग्रहांच्या फेऱ्यांचा हिशेब केला तर साधारण सहा दिवसांनी ते समोरासमोर येतात, सुमारे १५ लाख किलोमीटर अंतरावर. 'सी' बाहेरच्या कक्षेत असल्याने त्या वेळी तो अंधाराच्या बाजूलाच माथ्यावर दिसणार, पूर्ण उजळलेला, आपल्या चंद्राच्या दुपटीहून मोठा. उजेडाच्या बाजूला तारा अचल उभा आणि 'सी' जवळ असताना क्षितिजाखाली. आग कोण पेटवतं हे अंधारात राहणाऱ्यांना दिसतं, उजेडात राहणाऱ्यांना सांगूनही पटत नाही. अंधारातल्यांकडे ज्ञान असणं ही एरवीच्या रूपकाची उलटापालट मला फार मोलाची वाटते. आयोपेक्षा इथे माणसासारखा जीव कल्पनेने वसवणंही सोपं, शिवाय इतक्या दूरच्या ग्रहाबद्दल उद्या नवं निरीक्षण आलं तरी कथेचा कणा मोडत नाही. कक्षांचं गणित तेच राहतं.

शुक्राचं काय? जमिनीवर सुमारे ४६५ अंश तापमान आणि पृथ्वीच्या नव्वद पटींहून जास्त दाब. १९८२ मध्ये उतरलेलं व्हेनेरा-१३ यान तिथे १२७ मिनिटं टिकलं. तेव्हा वस्ती हवी तर पन्नास-पंचावन्न किलोमीटर उंचीवर, ढगांतल्या तरंगत्या नगरांत, जिथे दाब आणि तापमान सोसण्याजोगं आहे. तिथे आग कुणालाच दिसत नाही. दिसतो तो फक्त गंधकी वायू कमीजास्त होताना. म्हणजे हा न दिसणाऱ्या देवाचा धर्म झाला, आणि भांडण खुणांच्या अर्थावरून. याला आधार म्हणून एक सुंदर घटना आहे. मॅगेलन यानाने १९९१ मध्ये माट मॉन्स या पर्वताची रडारने दोनदा पाहणी केली, आणि त्या आठ महिन्यांत तिथलं एक मुख मोठं होऊन त्याचा आकार बदलला होता. हा बदल शास्त्रज्ञांनी ओळखला आणि जाहीर केला तो २०२३ मध्ये. बत्तीस वर्षं पुरावा दप्तरात पडून होता. माट ही प्राचीन इजिप्तची सत्याची देवता, हे नाव कथेत वापरावंसं वाटलं तर मी अडवणार नाही. तुमचा कल ग्रंथ, अभिलेख आणि त्यांचे अर्थ लावणारे यांच्याकडे असेल तर शुक्र घ्या. धूर, पळापळ आणि जळती गावं हवी असतील तर घेऊ नका.

५५ कॅन्क्री ई-सारखे वितळलेले ग्रह मोहात पाडतात. ४१ प्रकाशवर्षांवर, अठरा तासांहून लहान वर्ष, दिवसाची बाजू लाव्हाची. चित्र भव्य आहे, पण उभं राहायला जमीन नाही, आणि जिथे कुणी राहू शकत नाही तिथे धर्म कुणाचा? सोडून द्या.

राहिला चौथा मार्ग, पृथ्वीसारखाच ग्रह कल्पून त्यावर ज्वालामुखी पसरणं. लिहायला सर्वांत सोपा, कारण शेती, नद्या, लग्नं, बाजार सगळं तयार मिळतं. धोकाही तिथेच. आइसलँड, बाली, हवाई यांचीच नक्कल होते आणि त्या लोकांच्या खऱ्या श्रद्धा रंगभूषेसारख्या वापरल्या जातात. हा मार्ग घ्यायचाच असेल तर एक तरी गोष्ट पृथ्वीवर नसलेली ठेवा, आणि ती आभाळातली असू द्या.

प्रवाशांची जागा जगागणिक बदलते, आणि निवड करताना हा भाग सुटू देऊ नका. १९७३ मध्ये आइसलँडच्या हेमाए बेटावर लाव्हा बंदराचं तोंड बुजवू लागला, तेव्हा माणसांनी महिनोन्‌महिने समुद्राचं पाणी मारून त्याला थोपवलं. तुमच्या पाहुण्यांनी असं काही केलं तर? पाण्याचा ग्रह असेल तर ते एका रात्रीत देव होतील किंवा देवद्रोही. आयोवर असा पंप चालणार नाही. तिथे पाहुण्यांची एकच ताकद आहे: त्यांनी दोन्ही आभाळं पाहिलेली आहेत. शुक्रावर त्यांच्याकडे रडार आहे, म्हणून दोन्ही पक्ष त्यांना ओलीस धरतील. एलपी ७९१-१८ डी-वर अंधारातलं पाणीही आहे आणि दुसरं आभाळही, म्हणून तिथल्या पाहुण्यांना मोह सर्वांत जास्त आणि चुका करायला जागाही सर्वांत जास्त.

तेव्हा वीस-पंचवीस पानांची कथा असेल तर मी आयो घेईन. बोगदा, एक दर्शनयात्रा, दोन पंथांचे दोन म्हातारे आणि अडकलेले तिघे प्रवासी एवढ्यावर ती उभी राहील. कादंबरी असेल तर एलपी ७९१-१८ डी, आणि यान उतरवेन ते उजेड आणि अंधार यांच्यामधल्या संधिप्रकाशाच्या पट्ट्यात. तिथे एका क्षितिजाला तांबडा तारा कायम टेकलेला असतो, आणि सहा दिवसांतून एकदा दुसऱ्या क्षितिजाला 'सी'चं मोठं बिंब येऊन टेकतं. दोन्ही एका नजरेत मावतील अशी त्या ग्रहावर तेवढीच जागा आहे, आणि युद्ध त्याच पट्ट्यासाठी चाललेलं आहे.