परवान्याशिवाय गाडी चालवण्याचा ‘हक्क’ मी विकत घेतला

मी मूळचा नाशिकचा असून २०१४ पासून अमेरिकेत, टेक्सास राज्यात डॅलसजवळच्या एका उपनगरात राहतो. दोन वर्षांपूर्वी ताशी पंचेचाळीस मैलांच्या रस्त्यावर एकसष्टच्या वेगाने गाडी चालवल्याबद्दल मला पोलिसांचे तिकीट मिळाले. चूक माझीच होती. परंतु त्या साध्या तिकिटापासून सुरू झालेले प्रकरण एक रात्र कोठडीत काढण्यापर्यंत आणि सुमारे सात हजार डॉलर गमावण्यापर्यंत गेले. ‘गाडी चालवायला परवाना लागत नाही’ असे शिकवणाऱ्या एका ‘कायदा-वर्गा’ने मला या वाटेला लावले होते. आमच्या मराठी मंडळातील एका तरुणाने गेल्या महिन्यात मला तशाच एका वर्गाविषयी विचारले, तेव्हा हे सर्व लिहून काढणे माझे कर्तव्य आहे असे वाटले.

तिकिटामुळे विम्याचा हप्ता वाढेल या काळजीत असताना एका ओळखीच्या माणसाने मला हॉटेलच्या सभागृहातील एका व्याख्यानाला नेले. व्याख्याता शांत, अभ्यासू वाटणारा गृहस्थ होता. ‘ड्रायव्हिंग’ म्हणजे भाडे घेऊन माल किंवा माणसे वाहून नेणे, आपण खासगी कामासाठी गाडी वापरतो तेव्हा तो केवळ ‘प्रवास’ असतो, आणि प्रवासाच्या हक्कासाठी कोणत्याही सरकारचा परवाना लागत नाही, असे त्याचे प्रतिपादन होते. न्यायालयाच्या कागदांवर आपले नाव सगळे मोठ्या अक्षरांत छापलेले असते, म्हणून ते आपले नसून सरकारने निर्माण केलेल्या एका कागदी व्यक्तीचे असते, असेही तो सांगत होता. आपल्या लिपीत मोठी आणि लहान अक्षरे हा भेदच नसल्यामुळे मला ते इंग्रजीतील एखादे खोल रहस्य वाटले. त्याने दाखवलेले निकाल आणि कलमे खरी होती, आणि मी तिथेच फसलो.

व्याख्यानाचे एकशे ऐंशी आणि कागदपत्रांच्या संचाचे नऊशे पन्नास डॉलर मी भरले. त्या संचात लाल शाईच्या अंगठ्यासाठी जागा सोडलेले प्रतिज्ञापत्र होते, तिकिटावर ‘नाकारले’ असे लिहून ते परत पाठवण्याचा मसुदा होता, आणि ‘खासगी वाहन, भाड्यासाठी नाही’ असे छापलेली पाटी होती. सांगितल्याप्रमाणे मी परवाना टपालाने राज्याकडे परत पाठवला, गाडीची खरी नंबरप्लेट काढली आणि विमाही बंद केला, कारण विमा ठेवणे म्हणजे आपण व्यावसायिक चालक असल्याची कबुली देणे, असे मला पटवण्यात आले होते. न्यायालयाला अधिकारच नसल्यामुळे तारखेला जाण्याचे कारण नाही, हेही मी मान्य केले. नाशिकला आरटीओत आठचा आकडा काढून परवाना मिळवलेला मी माणूस. परवाना कशासाठी असतो हे मला ठाऊक नव्हते असे नाही. फुकटात सुटण्याची इच्छा मात्र त्या समजेपेक्षा बलवत्तर ठरली.

तारखेला हजर न राहिल्यामुळे माझ्या नावाने वॉरंट निघाले. सात आठवड्यांनी पोलिसांनी मला थांबवले ते त्या पाटीमुळे. मी पाठ केलेली वाक्ये म्हणू लागलो आणि काच खाली करण्यासही नकार दिला. मागच्या सीटवर माझी नऊ वर्षांची मुलगी होती. अखेर तिच्या रडण्यामुळे मी दार उघडले. पत्नी येऊन तिला घेऊन गेली, मला कोठडीत नेण्यात आले आणि गाडी ओढून नेऊन ठेवण्यात आली. त्या जागेचे भाडे दिवसागणिक वाढत राहिले.

सुटल्यानंतर मी त्या गृहस्थाला फोन केला. त्याने माझीच चूक काढली: पोलिसाने नाव विचारल्यावर मी ‘हो’ म्हणालो, म्हणजे त्या कागदी व्यक्तीची जबाबदारी मी स्वीकारली. यावरचा उपाय पंधराशे डॉलरांच्या पुढच्या संचात होता. उपाय फसला की दोष नेहमी घेणाऱ्याच्या उच्चारात, शाईत किंवा सहीत शोधायचा, ही या धंद्याची मुख्य रीत आहे, आणि त्यामुळेच गिऱ्हाईक पुन्हा पैसे भरते. आणखी एक गोष्ट मला तेव्हा आठवली. सभागृहाबाहेर उभ्या असलेल्या त्याच्या स्वतःच्या गाडीला टेक्सासची खरी नंबरप्लेट होती आणि काचेवर नोंदणीचे चालू वर्षाचे स्टिकर होते.

मग मी वकील केला. त्यांनी मला सर्वप्रथम १९३० चा व्हर्जिनियातील थॉम्पसन विरुद्ध स्मिथ हा निकाल पूर्ण वाचायला दिला. नागरिकाला सार्वजनिक रस्त्यावरून जाण्याचा हक्क आहे, हे माझ्या संचात ठळक छापलेले वाक्य त्यात आहेच. पण सार्वजनिक सुरक्षिततेसाठी परवाने देणे आणि रद्द करणे हे शासनाच्या अधिकारात येते, असेही तोच निकाल सांगतो. तो भाग संचात नव्हता. संघीय कायद्याच्या अठराव्या शीर्षकातील ‘मोटार वाहन’ म्हणजे व्यावसायिक वाहन, ही व्याख्याही खरी आहे. मात्र ती ‘या प्रकरणापुरती’ आहे, आणि ते प्रकरण विमाने व वाहने यांच्या नासधुशीच्या गुन्ह्यांचे आहे. चालकांना परवाने देण्याचा राज्यांचा अधिकार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हेंड्रिक विरुद्ध मेरीलँड या खटल्यात १९१५ सालीच मान्य केलेला आहे. हे सर्व कोणालाही विनामूल्य वाचता येते. मी दहा मिनिटे काढून मूळ निकाल वाचला असता, तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती.

या विचारसरणीचे मूळ १९७० च्या दशकातील ‘पॉसी कॉमिटॅटस’ या कडव्या, ज्यूद्वेष्ट्या चळवळीत आहे, आणि अमेरिकेच्या राज्यघटनेतील चौदाव्या दुरुस्तीने ज्यांना नागरिकत्व मिळाले (मुख्यतः गुलामगिरीतून मुक्त झालेले कृष्णवर्णीय) ते कमी दर्जाचे नागरिक, असा भेद तिने केला होता, हे मला नंतर कळले. ज्यांच्या मूळ मांडणीत माझ्यासारख्याला स्थानच नव्हते, त्यांचे कागद मी अंगठा उठवून स्वीकारले, याचे मला अजूनही फार वाईट वाटते.

खरे म्हणजे मार्ग सोपा होता. वैध परवाना आणि विमा असलेल्या, गेल्या बारा महिन्यांत ही सवलत न घेतलेल्या चालकाला माझ्यासारख्या तिकिटासाठी तारखेच्या आत न्यायालयाकडे अर्ज करून सहा तासांचा सुरक्षित वाहनचालनाचा अभ्यासक्रम पूर्ण करता येतो आणि तिकीट रद्द होते. टेक्सासमध्ये तिकिटावर सही करणे म्हणजे गुन्ह्याची कबुली नसून केवळ हजर राहण्याचे वचन असते. ज्यांची तारीख अजून उलटलेली नाही, त्यांनी न्यायालयाच्या कार्यालयात फोन करून हा पर्याय विचारावा. ज्यांनी असा संच आधीच घेतला आहे, त्यांनी विमा आणि परवाना पूर्ववत होईपर्यंत गाडी दारातच उभी ठेवावी, पैसे दिल्याच्या पावत्या जपून ठेवाव्यात आणि राज्याच्या अटर्नी जनरलच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे तक्रार करावी.

माझा परवाना आता परत मिळाला आहे, दंडही भरून झाला आहे. पण या देशाचा कायदा मला लागू नाही असे लिहिलेले ते प्रतिज्ञापत्र मी काउंटीच्या दफ्तरात रीतसर नोंदवले होते आणि ते तिथून काढून घेता येत नाही, असे मला सांगण्यात आले. नागरिकत्वाच्या अर्जासोबत त्याचे स्पष्टीकरण कसे जोडायचे, यावर माझे इमिग्रेशनचे वकील सध्या काम करीत आहेत.