ई-सायकल चार्जिंग: रस्त्यावरचा खांब, मुक्कामाचं सॉकेट की बॅटरीची अदलाबदल?

गावागावांतून रमतगमत जाणाऱ्यांसाठी ई-सायकलचा मार्ग आखताना पहिला खर्च कशावर करायचा? आधी बॅटरीचा हिशोब मांडा. ३६ व्होल्ट, १४ अँपिअर-तास म्हणजे सुमारे ५०० वॉट-तास. सपाटीवर पायडल मारत गेलं तर किलोमीटरला ८ ते १५ वॉट-तास जातात. स्वार, सायकल आणि सामान मिळून ११० किलो धरा. चढ मोटरवर सोपवला तर दर १०० मीटर उंचीला आणखी ४० च्या आसपास. ३० किलोमीटरच्या वाटेवर ६०० मीटर चढ असेल, तर ही बॅटरी बहुधा वाटेतच संपेल. म्हणून टप्पे ठरवताना अंतराइतकाच चढ मोजा.

आता वेळ. २ अँपिअरचा चार्जर ही बॅटरी भरायला सात तास घेतो. तासाभराच्या जेवणात जेमतेम सहा किलोमीटरची भर पडते. रस्त्याकडेचे खांब इथेच मागे पडतात. शिवाय बहुतेक चार्जर घरात वापरायचे असतात, पावसात चालत नाहीत. त्यामुळे खांबाला छप्पर आणि कुलपाचा कप्पा लागतोच. ओल शिरून आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) पडला की तो वर करायला जवळपास कोणी नसतं. लांब घाटाच्या पायथ्याशी, जिथे लोक एरवीही दोन-तीन तास थांबतात, तिथे एखादा खांब जरूर बसवा. बाकी ठिकाणी नको.

आमचा कौल मुक्कामाच्या सॉकेटला. ४ अँपिअरचे आठ चार्जर एकदम लावले तरी भार दीड-पावणेदोन किलोवॉट. २३० व्होल्टची १६ अँपिअरची स्वतंत्र लाइन तो सहज पेलते. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मात्र हवाच. अडचण येते ती जागेची. खोली कोरडी, हवेशीर, धुराचा अलार्म असलेली हवी. जिन्याखाली किंवा बाहेर पडायच्या वाटेवर चार्जिंग नको, कारण लिथियम बॅटरी पेटली तर सुटकेचा रस्ताच बंद होतो. काही सायकलींची बॅटरी निघत नाही, म्हणून २५ किलोची सायकल आत ढकलता येईल असा उतार करा. बॅटरी शून्य अंशाखाली गार झाली असेल तर आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. तशीच लावली तर आत धातुरूप लिथियम साचतं आणि क्षमता कायमची घटते.

अदलाबदल फक्त एकाच मॉडेलच्या भाड्याच्या सायकलींना जमते. पाहुण्यांच्या स्वतःच्या सायकलींचे आकार, पिना, व्होल्टेज जुळत नाहीत. दहा सायकलींमागे तीन-चार जादा बॅटऱ्या ठेवा आणि प्रत्येकीवर क्रमांक टाका, नाहीतर थकलेली बॅटरी नेमकी सर्वात लांबच्या टप्प्यावर जाते. हंगाम संपल्यावर त्या अर्ध्या भरून थंड, कोरड्या जागी ठेवा.

मार्गाच्या नकाशावर प्रत्येक सॉकेटची वेळ छापा: खोली किती वाजता उघडते, किल्ली कोणाकडे असते.