ऑफिसची मीटिंग: ब्राउझरमध्ये की ॲपमध्ये?

मीटिंगसाठी काय घ्यावं, हे विचारताना लोक झूम, मीट की टीम्स असं विचारतात. मला वाटतं, त्याआधी एक गोष्ट ठरवायला हवी: मीटिंग ब्राउझरच्या टॅबमध्ये चालवायची, की संगणकावर उतरवलेल्या ॲपमध्ये? झूम आणि टीम्स दोन्हीकडे चालतात. मीट संगणकावर मुख्यतः ब्राउझरमध्येच वापरलं जातं. मी दोन्ही पद्धतींनी बरेच दिवस काम केलंय, पण आवाज, चित्र, रेकॉर्डिंग यांच्या तपशिलात इथे जात नाही. त्या बाबतीत मला रोजच्या वापरात फारसा फरक जाणवला नाही.

ब्राउझरची मोठी सोय बाहेरच्या माणसाला होते. लिंक उघडली, माइकला परवानगी दिली की आत. गूगलने 2011 मध्ये खुलं केलेलं वेबआरटीसी हे ब्राउझरमधूनच आवाज आणि चित्र पाठवण्याचं तंत्र जानेवारी 2021 मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं अधिकृत मानक झालं. त्यामुळे वेगळं काही उतरवून घेण्याची गरजच उरली नाही. मुलाखतीला येणारा उमेदवार किंवा ग्राहकाकडचा माणूस कंपनीच्या लॅपटॉपवर बसलेला असतो, आणि त्याला तिथे काही इन्स्टॉल करायची मुभा नसते. अशा वेळी ॲपचा आग्रह धरणं म्हणजे मीटिंगची पहिली दहा मिनिटं घालवणं.

मग मी ॲपकडे का वळलो? माइकच्या बटणामुळे.

एका आढावा बैठकीत मी शीट शेअर करून बोलत होतो. दुसरं कोणी बोलायला लागलं म्हणून स्वतःला म्यूट केलं. थोड्या वेळाने प्रश्न आला, "हा आकडा कुठून आला?" मी उत्तर द्यायला लागलो, पण माइक बंदच. मीटिंगचा टॅब वीसेक टॅबच्या रांगेत कुठेतरी होता. घाईत माइक उघडायचा कीबोर्ड शॉर्टकट दाबला, तर तो शीटने घेतला आणि ज्या आकड्याबद्दल प्रश्न होता तोच सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बदलला. तो पूर्ववत करून टॅब सापडेपर्यंत दोघांनी "ऐकू येतंय का?" विचारून झालं होतं. 2009 मध्ये दहा भाषांच्या अभ्यासात दिसलं होतं, की एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी 200 मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो. इतक्या नाजूक लयीत दहा सेकंदांची शांतता पडली की समोरच्याला वाटतं, याच्याकडे उत्तर नाही.

हा दोष कोणा एका कंपनीचा नाही. टॅब समोर असेल तरच त्यातल्या पानाला कीबोर्डची कळ पोचते. ॲपला ही अडचण आड येत नाही. झूममध्ये सेटिंगमध्ये जाऊन माइकचा शॉर्टकट ग्लोबल करता येतो. मग समोर शीट असो की ईमेल, ती कळ दाबली की माइक उघडतो. शिवाय स्क्रीन शेअर करताना बटणांची छोटी पट्टी वर तरंगत राहते, म्हणजे शोधाशोध नाही.

ब्राउझरवाले गप्प बसलेत असंही नाही. 2023 मध्ये क्रोममध्ये आलेल्या सोयीमुळे मीटिंगची छोटी खिडकी, बटणांसकट, इतर खिडक्यांच्या वर ठेवता येते. माउसने काम करणाऱ्याला कदाचित तेवढं पुरेल. माझे हात कीबोर्डवर असतात, मला पुरलं नाही.

ॲपचाही त्रास आहेच. नेमकं मीटिंगच्या तोंडावर अपडेट समोर येतं, आणि जुन्या लॅपटॉपवर ते जड जातं. स्वतःचा चेहरा सतत दिसण्याचा मुद्दा, जो स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक जेरेमी बेलेन्सन यांनी 2021 मध्ये व्हिडिओ मीटिंगच्या थकव्याच्या चार कारणांत मांडला, तो इथे निर्णायक नाही. ती चौकट दोन्हीकडे लपवता येते, आणि जरूर लपवा.

तुमच्या बहुतेक मीटिंग बाहेरच्यांशी असतील, किंवा तुम्ही ऐकणारेच जास्त असाल, तर ब्राउझर पुरेसा आहे. रोज स्क्रीन शेअर करून बोलावं लागत असेल, तर मी ॲप घ्या म्हणेन. ठरवण्याआधी एक करून बघा: सहकाऱ्याबरोबर मीटिंग लावा, शीट शेअर करा, माइक बंद ठेवा आणि त्याला मध्येच प्रश्न विचारायला सांगा. दोन्हीकडे तुमचा पहिला शब्द त्याच्यापर्यंत किती वेळात पोचतो, ते त्यालाच विचारा.