परवाना पार्किंग: रहिवाशांना आधी विचारायचं की लावून बघून विचारायचं?

रस्त्यावर गाडी लावायला जागा मिळेनाशी झाली की परवाना पार्किंगची मागणी पुढे येते. ठरावीक वेळेत रहिवाशांनी परवाना घेऊन गाडी लावायची, बाहेरच्यांनी पैसे भरायचे किंवा दुसरीकडे जायचं. ब्रिटनमध्ये याला 'कंट्रोल्ड पार्किंग झोन' म्हणतात. तिथे असे झोन गेली कित्येक वर्षं होत आले आहेत, त्यामुळे लोकांचं मत कसं घ्यावं याचे नियमही बरेच घासूनपुसून झालेत. ही पद्धत ठरवायची जबाबदारी तुमच्यावर आली असेल, तर समोर मुख्यतः दोन रस्ते असतात.

आधी विचारणं

यात आराखडा पक्का होण्याआधी घरोघरी प्रश्नावली जाते, उत्तरं मोजली जातात, मग प्रस्ताव बनतो. ब्रिटनमध्ये यानंतर कायद्याने बंधनकारक असलेला टप्पा येतो. झोन लागू करणाऱ्या कायमस्वरूपी आदेशाची जाहीर सूचना निघते आणि हरकतींसाठी किमान २१ दिवस मिळतात. फक्त हे २१ दिवस देऊन 'आम्ही लोकांना विचारलं' म्हणणं मला पटत नाही. तोवर नकाशा, वेळा, शुल्क सगळं ठरलेलं असतं आणि माणसाच्या हाती 'विरोध आहे' एवढंच लिहिणं उरतं.

तिथल्या न्यायालयांनी १९८५च्या गनिंग खटल्यापासून सल्लामसलतीच्या चार कसोट्या मानल्या आहेत. निर्णय घडत असतानाच विचारा. लोकांना नीट विचार करता येईल इतकी कारणं आणि माहिती द्या. पुरेसा वेळ द्या. आणि आलेली मतं निर्णय घेताना मनापासून विचारात घ्या. २०१४ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने लंडनमधल्या हॅरिंगे कौन्सिलविरुद्धच्या (कौन्सिल म्हणजे तिथली स्थानिक पालिका) मोझली खटल्यात या कसोट्यांवर शिक्कामोर्तब केलं. तो खटला कौन्सिल टॅक्स, म्हणजे घरपट्टीसारख्या स्थानिक करातल्या सवलतीचा होता, पार्किंगचा नव्हता. पण त्यातला एक मुद्दा इथेही तितकाच लागू पडतो: कौन्सिलने बाजूला ठेवलेले पर्याय लोकांपुढे मांडलेच नव्हते. झोनऐवजी फक्त कोपऱ्यांवर नो-पार्किंग करता आलं असतं का, दिवसभराऐवजी एखाद्या तासाचंच नियंत्रण पुरलं असतं का, हे प्रश्नावलीत असायलाच हवं. स्टेशनजवळच्या वस्तीत दिवसभर गाडी ठेवून जाणाऱ्यांना रोखायला दुपारचा एक तासही पुरतो, आणि पाहुण्यांचा त्रास खूप कमी होतो.

या पद्धतीची कमजोरीही खरी आहे. न अनुभवलेल्या गोष्टीवर मत मागितलं की लोक भीतीवर किंवा आशेवर उत्तर देतात. परवाना म्हणजे दारासमोरची हक्काची जागा, असा समज तर सर्रास असतो. तो चुकीचा आहे, आणि हे प्रश्नावलीच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत छापलं पाहिजे.

लावून बघणं

दुसरा रस्ता प्रायोगिक आदेशाचा. ब्रिटनमध्ये असा आदेश जास्तीत जास्त १८ महिने चालतो, आणि पहिल्या सहा महिन्यांत हरकती घेता येतात. इथे लोक अनुभवावरून बोलतात, ही मोठी जमेची बाजू. पाट्या लागल्यावर बाहेरच्या गाड्या खरंच गेल्या की दोन गल्ल्या पलीकडे सरकल्या, हे डोळ्यांना दिसतं.

पण खांब, पाट्या, पट्टे, परवाने यांवर खर्च होऊन गेलेला असतो, आणि 'आता कोण काढणार' ही भावना लोकांत लगेच पसरते. म्हणून आधी काहीच न विचारता थेट प्रयोग करणं मला योग्य वाटत नाही. मतं जवळजवळ निम्मी-निम्मी पडली असतील किंवा गाड्या कुठे सरकतील याचा अंदाज येत नसेल, तेव्हा मात्र प्रयोगच बरा. सुरू करतानाच कोणत्या परिस्थितीत तो मागे घेतला जाईल हे लेखी जाहीर करा.

कागद, ऑनलाइन की सभा?

सभेवर निर्णय सोडू नका. सभेला ज्यांना वेळ आणि आवाज आहे ते येतात. पाळीत काम करणारे, लहान मुलं असलेले, आजाऱ्याची सेवा करणारे येत नाहीत. सभेचा खरा उपयोग नकाशा टेबलावर पसरून 'इथे रुग्णवाहिका वळत नाही' अशा गोष्टी कळण्यासाठी. ऑनलाइन फॉर्म स्वस्त आणि झटपट, पण लिंक फिरत फिरत भलत्याच भागातल्या माणसांपर्यंत जाते. घराघरांत टाकलेलं, प्रत्येक घराचा वेगळा क्रमांक असलेलं पत्र आणि त्याच क्रमांकावर ऑनलाइन उत्तराची सोय, ही जोडी मला सगळ्यांत विश्वासाची वाटते. गाडी नसलेल्या घरांनाही पत्र जायलाच हवं. रस्ता त्यांचाही आहे, आणि त्यांच्याकडे येणाऱ्या नर्सची किंवा नातेवाइकांची गाडी याच नियमात अडकणार असते.

मतांच्या जोडीला मोजणीही हवी. पहाटे, सकाळी आणि दुपारी त्याच रस्त्यावरून फिरून गाड्यांचे क्रमांक टिपले की पहाटे असलेल्या गाड्या बहुतेक रहिवाशांच्या, आणि सकाळी येऊन संध्याकाळपर्यंत हलत नाहीत त्या बाहेरच्या, हे बऱ्यापैकी कळतं. पहाटेच रस्ता भरलेला असेल, तर गर्दी रहिवाशांच्याच गाड्यांची आहे आणि परवान्याने ती फारशी हटणार नाही. हे आकडे पत्रासोबत द्या.

शुल्काबद्दलही आडपडदा नको. लंडनमधल्या बार्नेट कौन्सिलने परवान्याचं शुल्क ४० पौंडांवरून १०० पौंडांवर नेलं. इतर वाहतूक खर्च भागवायला ही वाढ केली होती, म्हणून २०१३ साली उच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. १९८४चा रस्ते वाहतूक नियमन कायदा महसूल गोळा करण्यासाठी नाही, असं न्यायालयाने सांगितलं. लोकांच्या मनात ही शंका असतेच. पैसे कुठे जाणार हे पत्रातच लिहिलेलं असेल तर उत्तरं पार्किंगबद्दल येतात, नाहीतर सगळा राग शुल्कावर निघतो.

मोजायचं कसं

संपूर्ण वस्तीची एकच टक्केवारी काढली की स्टेशनजवळच्या त्रासलेल्या रस्त्यांचं मत लांबच्या शांत रस्त्यांखाली दबतं. रस्तानिहाय मोजलं तर नकाशा तुकड्यातुकड्यांचा होतो, आणि नको म्हणालेल्या रस्त्यावर शेजारच्या झोनमधून हटलेल्या गाड्या येऊन थडकतात. यावरचा सगळ्यांत उपयोगी उपाय म्हणजे एक जादा प्रश्न: 'शेजारच्या रस्त्यांवर झोन झाला आणि तुमच्या रस्त्यावर झाला नाही, तर तुम्हाला तुमच्या रस्त्यावर तो हवा असेल का?' पहिल्या प्रश्नाला 'नको' म्हणणारे बरेच जण इथे 'हो' म्हणू शकतात. दोन्ही उत्तरं रस्तानिहाय मोजा, रस्तानिहायच जाहीर करा, आणि झोनची सीमा आखताना कडेच्या रस्त्यांच्या बाबतीत दुसऱ्या उत्तराला जास्त वजन द्या.