नाहीसे होणारे स्पीकर आणि माझे ४२ हजार

चांगल्या स्पीकरची एक खूण जाणकार सांगतात: गाणं लागलं की खोकी जणू नाहीशी होतात. आवाज दोन्हींच्या मधल्या रिकाम्या जागेतून येतो, डोळे मिटले तर गायक समोर बसलेला. खूण खरी आहे. पण नेमकी तीच दाखवून मला फसवलं, म्हणून हे लिहितोय.

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानात जुनी इंग्लिश बुकशेल्फ, म्हणजे फळीवर मावणाऱ्या छोट्या स्पीकरची, जोडी ऐकली. दुकानदाराने ऑर्केस्ट्रा लावला आणि आवाज अख्ख्या खोलीत पसरला. तो कुठल्या खोक्यातून येतोय हे सांगताच येईना. "बघा साहेब, स्पीकर आहेत असं वाटतंय का?" मी भारावलो. ४२ हजार रोख मोजले. बिल मागितलं तर "जुन्या मालाला बिल कसलं?"

घरी जोडणी नीट केली आणि जुनं नाट्यगीत लावलं. ७८च्या तबकडीवरचं, म्हणजे मोनो. दोन्हीकडून अगदी एकच आवाज येत असल्याने तो बरोबर मध्यावर, एका बिंदूत उभा राहायला हवा. इथे स्वर डावीकडे ओढला जात होता आणि 'स', 'श' तेवढे मध्ये राहत होते. म्हणजे दोन्ही खोक्यांतले ट्वीटर (बारीक आवाजाचे छोटे स्पीकर) एकसारखे होते, वूफर (जाड आवाजाचे मोठे) तसे नव्हते. आठवडाभर मी भिंतींना, सोफ्याला दोष देत बसलो!

शेवटी ओळखीच्या दुरुस्तीवाल्या काकांनी वूफर काढून त्यांचा विद्युतरोध मोजायला मल्टीमीटर लावला. एक ५.८ ओहम, दुसरा ३.४. डावा वूफर मूळचा नव्हताच, कुठला तरी कमी ओहमचा बसवलेला. मागचा सीरियल नंबरही नव्याने चिकटवलेला.

मग दुकानात हे कळलं कसं नाही? तिथे काढलेला व्हिडिओ थांबवून पाहिला. एका स्पीकरची लाल वायर काळ्या टर्मिनलला होती. असं उलटं जोडलं की एकाचा कोन पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो. मध्यबिंदू मोडतो, आवाज धुक्यासारखा पसरतो आणि जोडीतली विसंगती त्यात झाकली जाते. हे करताना खर्ज मरतो, तो भरून काढायला पडद्याआड सबवूफर चालू होता. व्हिडिओच्या कोपऱ्यात तोही दिसतो. आवाज पसरणं आणि स्पीकर नाहीसे होणं यांतला फरक मला तेव्हा कळला नाही, याचं फार वाईट वाटतं.

परत गेलो तर "घरी तुम्हीच बदललं असेल." बिल नाही, तेव्हा बोलणंच खुंटलं.

तुम्ही जाल तेव्हा आपलं मोनो गाणं घेऊन जा आणि सबवूफर बंद करायला लावा. वायरचे रंग स्वतः पाहा. मल्टीमीटर ३००-४०० रुपयांत मिळतो. वायरी काढून दोन्ही स्पीकरच्या टर्मिनलांवर लावा, आकडे जवळपास सारखे यायला हवेत. दुकानदार नको म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

काका आता मूळ वूफर शोधताहेत. तोवर उजवा एकटाच वाजतो.