सिलेक्टेड शॉर्ट्स: कथा ऐकायची तर अशी

कथा ऐकायला आवडतात आणि इंग्रजी कानाला बऱ्यापैकी सरावलंय अशा प्रत्येकाला मी हे तोंडी सांगत असते, आता एकदा नीट लिहूनच काढते. न्यूयॉर्कमध्ये सिम्फनी स्पेस नावाचं थिएटर आहे, तिथे 1985 पासून सिलेक्टेड शॉर्ट्स हा कार्यक्रम चालतो, आणि कार्यक्रम म्हणजे काय तर नाटक-सिनेमातले कसलेले नट स्टेजवर येतात आणि दुसऱ्या कोणाची तरी लघुकथा वाचून दाखवतात. बस्स. सेट नाही, कॉस्च्युम नाही, दर दोन वाक्यांनी मागून बासरी नाही. पोडियम, माईक, कागद आणि समोर लोक. हीच रेकॉर्डिंग्ज पुढे रेडिओवर आणि पॉडकास्टवर येतात, त्यामुळे अमेरिकेत कधी पाऊल न टाकलेला माणूसही नाशकात बसून फुकट ऐकू शकतो.

आमच्यासारख्या न्यू जर्सीतल्या एडिसनकडच्या मंडळींना जायला सोपं आहे. एनजे ट्रान्झिटच्या ट्रेनने न्यूयॉर्कचं पेन स्टेशन, तिथून सबवेची 2 किंवा 3 नंबरची एक्सप्रेस पकडायची, तिसरं स्टेशन 96वा रस्ता, थिएटर एका ब्लॉकवर, ब्रॉडवे आणि 95व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर. या जागेची गोष्ट पण मला फार आवडते. 1915 साली व्हिन्सेंट अ‍ॅस्टर नावाच्या श्रीमंत माणसाने इथे चक्क मंडई बांधली होती, लोकांना भाजी-मटण स्वस्तात मिळावं म्हणून, ती काही चालली नाही, मग स्केटिंग रिंक झाली, सिनेमा थिएटर झालं, आणि 1978 मध्ये आयझाया शेफर आणि अ‍ॅलन मिलर या दोघांनी तिथे दिवसभर बाख या जर्मन संगीतकाराचं संगीत फुकट ऐकवलं, त्यातून ही संस्था उभी राहिली. मोठ्या हॉलमध्ये साधारण साडेसातशे लोक बसतात. छोटा हॉल लेनर्ड निमॉयच्या नावाने आहे, स्टार ट्रेक मालिकेत स्पॉकचं काम करणारा नट, आणि तो इथे नुसता देणगी देऊन थांबला नाही, स्वतः उभं राहून कथाही वाचायचा.

आता आपल्याकडे कथा ऐकायची सवय काही नवीन नाही. शंकर पाटील, मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी गावोगाव कथाकथन केलं, वपुंच्या कॅसेट्स तर घराघरात होत्या. पण ते लेखक होते आणि स्वतःचीच कथा सांगत होते. सांगता सांगता कथा थोडी फिरवायची, समोरचे लोक खुशीत दिसले की एखादी जागा लांबवायची, मधेच आपल्याच पात्राची फिरकी घ्यायची, त्याची मजा वेगळीच होती आणि तो मान त्यांचाच होता. सिलेक्टेड शॉर्ट्समध्ये नटाला हे काहीच करता येत नाही. कथा दुसऱ्याची, शब्द ठरलेले, स्वतःच्या पदरचं काही घालायचं नाही. मग नट नेमकं करतो काय, हे बघायला मी जाते, आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठी सगळा कार्यक्रम तिथेच आहे.

एक वाचन सांगते. स्वयंपाकघरात आई आणि लग्न ठरलेली मुलगी यांचं भांडण, बाहेरून बघितलं तर अगदी फुटकळ कारणावरून. वाचणाऱ्या बाईंनी दोघींना वेगळे आवाज दिलेच नाहीत. फरक एवढाच की मुलीची वाक्यं वाचताना नजर कागदावर, आईची वाक्यं आली की मान वर, थेट आमच्याकडे. हे लक्षात यायला मला दोन-तीन पानं लागली आणि तोपर्यंत आपण त्या पोरीच्या जागी बसून बोलणी खातोय हे अंगात भिनलेलं होतं. आणि ते 'ती म्हणाली', 'आई म्हणाली' असतं ना, जे बरेच वाचणारे उरकून टाकतात, ते या बाई सावकाश, पूर्ण वाचत होत्या, त्या दोन शब्दांत आई हात पुसत विचार करतेय असं वाटायचं. मग एका जागी पान संपलं पण वाक्य संपलं नव्हतं. त्यांनी पान उलटलं, घाई न करता, कागदाचा आवाज माईकमधून सगळ्या हॉलला ऐकू गेला, आणि तेवढा वेळ आईचं उत्तर हवेत लटकत राहिलं. पुढच्या पानावर पहिलाच शब्द होता 'नाही'. अख्खा हॉल हसला आणि हसता हसता गप्प झाला, कारण ते हसण्यासारखं नव्हतंच.

हे घरी एकट्याने वाचताना होत नाही. तिथे आपण डोळ्याने तो 'नाही' आधीच बघून ठेवलेला असतो!

माझ्या मते नटाची खरी परीक्षा इथे आहे, हातात सगळं असून ते वापरायचं नाही. मध्यंतरी एका ॲपवर मराठी कथासंग्रह ऐकायला घेतला होता, आवाज उत्तम, उच्चार स्वच्छ, पण म्हातारी आली की थरथर, फौजदार आला की खर्ज, लहान मूल आलं की लाडिक चिरका आवाज, थोड्या वेळाने कथा बाजूलाच राहिली आणि मी नुसते आवाज मोजत बसले, बंद करून टाकलं. कथेत निवेदक असतो हो, तो कोणीतरी माणूस असतो, त्याचा स्वभाव असतो, त्याचं कोणाशी पटतं कोणाशी नाही, आधी तो आवाज सापडला पाहिजे मग बाकीची पात्रं त्याच्याच तोंडून आली पाहिजेत. सिलेक्टेड शॉर्ट्सचे चांगले वाचक हे बरोबर पकडतात. डेव्हिड स्ट्रॅथर्न, सिंथिया निक्सन, बी. डी. वाँग, अशी माणसं तिथे वाचून गेलीयत, पडद्यावर ओळखीचे चेहरे आहेत, पण वाचन रंगलं की चेहरा विसरायला होतो आणि ही मी सगळ्यात मोठी तारीफ समजते.

रेकॉर्डिंगमध्ये प्रेक्षक ऐकू येतात ही पण मोठी गोष्ट आहे. स्टुडिओत काचेमागे बसून वाचलेलं आणि शेकडो लोकांसमोर वाचलेलं यात फरक पडतोच. हशा येतो तेव्हा नट थांबतो, हशा ओसरायच्या जरा आधी पुढचं वाक्य सुरू करतो, आणि लोक शांत झाले की त्याचाही आवाज खाली येतो. हेडफोन लावून बसमध्ये एकट्याने ऐकताना सुद्धा आपण त्या लोकांत बसलेले असतो.

तक्रार म्हणण्यासारखं नाही पण आवडीनिवडीचं सांगते. समोर लोक बसलेले म्हटल्यावर चटकन हशा देणाऱ्या कथांचं पारडं थोडं जड होतं असं मला वाटतं, आणि संथ, फारसं काही न घडणाऱ्या कथा, ज्या मला जास्त प्रिय आहेत, त्या शोधाव्या लागतात. लांबीचंही गणित आहे. वाचायचा वेग मिनिटाला दीडशे शब्द धरला तर तीन हजार शब्दांच्या कथेला 20 मिनिटं लागतात, रेडिओचा कार्यक्रम तासाभराचा, म्हणजे दोन-तीन कथांत तास भरला, पन्नास-साठ पानी दीर्घकथा त्यात बसणार कशी. निवेदनाचं म्हणाल तर आयझाया शेफर 2012 मध्ये गेले तोपर्यंत तेच सूत्रधार होते, जुने भाग मिळाले तर त्यांच्यासाठी जरूर ऐका, कथेवर मनापासून जीव असलेला माणूस बोलतोय हे दोन वाक्यांत कळतं. आता पॉडकास्टला मेग वोलिट्झर असतात, त्या स्वतः कादंबरीकार, कथेआधी थोडं बोलतात. त्यांचं बोलणं चांगलंच असतं, पण मला कथेत कोरं जायला आवडतं, त्यामुळे मी ते कथा झाल्यावर मागे जाऊन ऐकते.

आणि एक गोष्ट मनात सारखी येते. हा कार्यक्रम सुरू करण्यात के कॅटारुला म्हणून एक बाई होत्या, त्या पुढे डॅलसला गेल्या आणि तिथल्या म्युझियममध्ये टेक्सासच्या नटांकडून टेक्सासच्याच लेखकांच्या कथा वाचून घ्यायला लागल्या. म्हणजे ही कल्पना उचलून आपल्या गावात नेता येते. आपल्याकडे अभिवाचनाचे कार्यक्रम होतात, चांगले होतात, पण बरेचदा ते जुन्या, ठरलेल्या मोठ्या नावांचेच. दर दिवाळीला शेकडो अंक निघतात, त्यात कितीतरी नव्या कथा असतात, नोव्हेंबर संपला की ते अंक रद्दीत नाही तर लायब्ररीच्या मागच्या कपाटात. त्यातल्या निवडून दहा-बारा कथा पुण्या-मुंबईच्या, कोल्हापूरच्या, नागपूरच्या नटांनी लोकांसमोर उभं राहून वाचल्या, नीट रेकॉर्ड केल्या, लेखकाला मानधन दिलं आणि दर आठवड्याला एक अशी सोडली तर इथे जर्सीत बसून मी तिकिटाचे पैसे आनंदाने भरीन. खर्च कितीसा, एक माईक आणि एक हॉल. कथा निवडणारा मात्र पक्का पाहिजे, तिथे ओळखीपाळखी नकोत.

जाणार असाल तर तिकीट आधी ऑनलाइन काढा, ब्रॉडवेच्या नाटकांपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. त्या दिवशी कोण वाचणार ते वेबसाइटवर असतं, पण मोठं नाव बघून जाऊ नका, मला सगळ्यात जास्त आवडलेली वाचनं अनोळखी रंगभूमीवाल्यांची आहेत. शक्यतो पुढे बसा, नटाची नजर दिसली पाहिजे. घरून ऐकणार असाल तर पहिले काही भाग दुसरं काही काम न करता ऐका, भांडी घासताना ऐकलं की अर्धी वाक्यं निसटतात आणि कथेत एक वाक्य निसटलं तरी पुढे अडायला होतं. इंग्रजी उच्चारांची भीती असेल तर वेग 0.9 वर ठेवून बघा, त्याच्या खाली नको, विरामांची वाट लागते.